होल्डनची भावंडं

उल्हासनगरच्या बाजाराविषयी एक जुना विनोद आहे. मालावर 'मेड इन यू.एस.ए.' असा शिक्का असतो आणि विचारलं तर दुकानदार हसत सांगतो, उल्हासनगर सिंधी असोसिएशन! कल्याणपासून कर्जतपर्यंत लोकलने जाणाऱ्या दोन पिढ्या तो ऐकत मोठ्या झाल्या. विनोदातला टोमणा नकलेवर असतो. पण त्यामागची कारागिरी हसण्याच्या नादात निसटते. फाळणीत सगळं गमावून आलेले जवळजवळ लाखभर सिंधी कल्याणच्या लष्करी छावणीत, बराकींमध्ये येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. तिथल्या कारागिरांनी परका नमुना समोर ठेवून इथल्या मापाचा, इथल्या खिशाला परवडणारा माल काढला. गिऱ्हाइकाला काय हवं ते ओळखायचं, नमुन्यातलं तेवढंच उचलायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं, हे काही सोपं काम नव्हे.

साहित्यातली उसनवारी अशीच चालते. समीक्षक मात्र तिच्याकडे पोलिसी नजरेने पाहतात. कुणी कुणाचं काय उचललं, कबूल केलं की नाही, एवढ्यावर चौकशी संपते. नमुन्यातलं काय सोडून दिलं, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. अमेरिकन कादंबरी आणि कथा सोव्हिएत रशियात पोहोचली तेव्हा काय झालं आणि तीच महाराष्ट्रात आली तेव्हा काय झालं, हे शेजारी ठेवून पाहिलं की हा दुसरा प्रश्न जास्त बोलका वाटू लागतो.

सुरुवात लेनिनच्या खोलीपासून करायला हरकत नाही. जानेवारी १९२४. मृत्यूला दोन दिवस उरलेले. पत्नी क्रुप्स्काया त्याला जॅक लंडनची एक कथा वाचून दाखवते. बर्फाळ प्रदेशात उपाशी माणूस आणि आजारी लांडगा एकमेकांच्या मरणाची वाट पाहत पुढे सरकताहेत, अशी ती कथा. लेनिनला ती अतिशय आवडते. दुसऱ्या दिवशी तो लंडनचंच आणखी काही वाचायला सांगतो. या वेळी निघते ती मालकाला दिलेल्या शब्दासाठी, धान्याची खेप चांगल्या भावात विकण्यासाठी जीव देणाऱ्या कप्तानाची गोष्ट. लेनिन हसतो आणि हाताने ती झटकून टाकतो. ही आठवण क्रुप्स्कायानेच लिहून ठेवली आहे. लेखक एकच, पण एक कथानक आत घेतलं गेलं आणि दुसरं दारातूनच परत गेलं. पुढची साठ वर्षं सोव्हिएत प्रकाशनव्यवहार साधारण याच पद्धतीने चालला, फक्त हात झटकणारी माणसं बदलत गेली.

१९२० च्या दशकातल्या तरुण रशियन लेखकांची तक्रार वेगळीच होती. आपल्या साहित्यात विचार आहे, वर्णन आहे, पश्चात्ताप तर भरपूर आहे, पण गोष्ट घडत नाही, असं त्यांना वाटे. पेट्रोग्राडमधल्या 'सेरापियन बंधू' या गटातला लेव्ह लुन्त्स हा तर बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. 'पश्चिमेकडे चला' अशी हाक देऊन त्याने कथानक रचायला शिका म्हणून थोरामोठ्यांना सुनावलं. १९२४ मध्ये तो गेलाही. त्याच वर्षी मारिएत्ता शागिन्यान यांनी 'जिम डॉलर' असं टोपणनाव घेऊन 'मेस-मेंड' ही साहसकथा छोट्या छोट्या पुस्तिकांच्या रूपात छापली. मुखपृष्ठं चित्रकार रोदचेन्कोची, नायक अमेरिकन कामगार, खलनायक भांडवलदार आणि लेखक म्हणून एक काल्पनिक अमेरिकन. शागिन्यानबाईंनी तोवर अमेरिका पाहिलीही नव्हती. सिनेमाच्या पडद्यावरची आणि स्वस्त पुस्तकांतली अमेरिका त्यांना पुरेशी होती.

याच काळात ओ. हेन्रीने रशियाला वेड लावलं. १९२५ मध्ये बोरिस आयखेनबाउम या समीक्षकाने त्याच्यावर एक निबंध लिहिला. कथेच्या तंत्राविषयी बोलताना आजही त्याचा आधार घेतला जातो. त्यातलं एक निरीक्षण इथे फार कामाचं आहे. परदेशी लेखक दुसऱ्या भाषेत आला की तो पहिल्यासारखा राहत नाही. अमेरिकेत ओ. हेन्री हा गरीब दुकान-मुलींचा कनवाळू कथाकार होता, रशियात त्याची हुशार रचना आणि शेवटची कलाटणी तेवढी उचलली गेली. कणव रशियनांकडे घरचीच होती. ती बाहेरून आणण्याचं कारण नव्हतं.

म्हणजे घेणाऱ्याच्या घरात जे नाही तेवढंच तो घेतो. आयखेनबाउमची ही कसोटी मराठीलाही लावून पाहण्यासारखी आहे.

त्याआधी सोव्हिएत कथेतलं आणखी एक उदाहरण पाहावं लागेल, कारण तिथे उसनवारी उघड भांडणाच्या रूपात येते. अमेरिकन विज्ञानकथाकार मरे लिन्स्टर याची १९४५ मधली एक कथा अशी. दोन वेगळ्या ग्रहांवरची अंतराळयानं अवकाशात समोरासमोर येतात. दोघांनाही मैत्री हवी असते, पण दुसरा पाठलाग करत आपल्या घरापर्यंत येईल ही भीती दोघांच्याही पोटात. शेवटी दोघं यानांची अदलाबदल करून निघून जातात. रशियन लेखक इवान येफ्रेमोव याने १९५९ मध्ये 'सर्पाचं हृदय' या कथेत हाच प्रसंग घेतला. त्याची पात्रं तर त्या जुन्या अमेरिकन कथेची आपसात चर्चाही करतात आणि तिच्यातल्या संशयी माणसांची कीव करतात. एवढ्या लांबचा प्रवास करू शकणारा समाज वर्गहीन आणि शहाणाच असणार, मग भ्यायचं कशाला? प्रसंग तोच ठेवून शेवट उलटा केला. खरं सांगायचं तर लिन्स्टरची कथा जास्त रंगतदार आहे. भीती काढून टाकली की कथेत चहापान उरतं. पण उसनं कथानक वापरून मूळ लेखकालाच उत्तर द्यायचं, ही चाल मोठी धीट होती.

स्टालिननंतर दारं थोडी किलकिली झाली. 'इनोस्त्रान्नाया लितेरातूरा' हे परदेशी साहित्याचं मासिक १९५५ मध्ये निघालं आणि पहिल्याच वर्षी त्यात हेमिंग्वेचा म्हातारा कोळी आला. १९५९ मध्ये हेमिंग्वेचे दोन खंड निघाले. जाड स्वेटर घातलेल्या, पांढऱ्या दाढीच्या हेमिंग्वेचं छायाचित्र मॉस्को-लेनिनग्राडच्या शिकल्यासवरल्या घरांत भिंतीवर लागू लागलं. स्पेनच्या यादवीवरची त्याची कादंबरी मात्र १९६८ पर्यंत अडकून राहिली आणि तोवर टंकलिखित प्रतींतून हातोहात फिरली. हेमिंग्वेकडून तरुण सोव्हिएत कथाकारांनी घेतले ते तुटक संवाद आणि न बोललेलं दुःख. गंमत अशी, की हेमिंग्वे स्वतः तुर्गेनेव्ह आणि चेकॉव्ह वाचत शिकलेला. रशियाचा माल अमेरिकेची मोहोर घेऊन रशियात परत आला, एवढंच.

वासिली अक्स्योनोव्हची १९६२ मधली 'चंद्राच्या अर्ध्या वाटेवर' ही कथा या काळाचा चांगला नमुना आहे. अतिपूर्वेकडचा एक रांगडा कामगार रजेवर निघतो, विमानात एक हवाई सुंदरी त्याला भेटते, आणि तिला पुन्हा गाठायचं म्हणून तो खाबारोव्स्क-मॉस्को अशा फेऱ्या मारत सगळी रजा आणि सगळी कमाई उडवतो. प्रेमाविषयी त्याला एक धड वाक्य बोलता येत नाही. त्या आधीच्या दहा वर्षांतला सोव्हिएत कथानायक असा मुका नव्हता, तो भाषण करत असे.

पण या आढाव्याचा खरा गाभा अक्स्योनोव्हच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. १९६० च्या अखेरीस रिता राइत-कोवाल्योवा यांनी केलेला सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय'चा रशियन अनुवाद प्रसिद्ध झाला. लगेच १९६१ मध्ये 'यूनस्त' मासिकात अक्स्योनोव्हची 'ताऱ्यांचं तिकीट' ही दीर्घकथा आली. सतरा वर्षांचा दिम्का आणि त्याचे मित्र थोरांची शिस्त, परीक्षा, आखून दिलेलं भविष्य सोडून मॉस्कोतून तालिनला पळून जातात. भाषा नाक्यावरच्या पोरांची. समीक्षकांनी होल्डन कोलफिल्डची सावली तेव्हाच ओळखली आणि अक्स्योनोव्हला झोडपलंही. आणि १९६३ मध्ये, मॉस्कोचा काही संबंध नसताना, महाराष्ट्रात भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आली. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, शिकण्याचा बोजवारा उडवतो आणि गावी परततो. तिची आणि सॅलिंजरच्या कादंबरीची तुलना मराठी समीक्षेत इतक्यांदा झाली आहे, की आता ती परीक्षेतला ठरलेला प्रश्न वाटते.

ही तुलना बहुतेक वेळा भाषेवर थांबते. बोलभाषा, उडवाउडवी, ढोंगाचा तिटकारा, 'मी' सांगतो ती गोष्ट. पण तिन्ही पुस्तकं एकाशेजारी एक ठेवली तर कथानकाच्या पोटातलं एक साम्य डोळ्यांत भरतं. तिघांनाही मेलेलं भावंड आहे.

होल्डनचा धाकटा भाऊ अ‍ॅली रक्ताच्या कर्करोगाने गेलेला असतो. त्याच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर हिरव्या शाईने कविता लिहिलेल्या असतात. तो गेला त्या रात्री होल्डन मुठीने गॅरेजच्या काचा फोडतो. दिम्काचा मोठा भाऊ व्हिक्टर अंतराळ-वैद्यकावर काम करणारा, व्यवस्थेत राहून प्रामाणिक असलेला माणूस. तो विमान अपघातात मरतो. आणि पांडुरंगची लहानगी बहीण मनी देवी येऊन जाते.

थट्टेखोर नायकाच्या थट्टेला वजन देणारं दुःख तिन्हीकडे एकाच जागी ठेवलेलं आहे. ते नसतं तर होल्डन नुसता श्रीमंताचा लाडावलेला पोरगा ठरला असता आणि पांडुरंग बापाच्या पैशांवर उंडारणारा. अक्स्योनोव्ह आणि नेमाडे यांनी हे जाणून उचललं, की अशा नायकाची कथा लिहिताना ते आपोआप तिथे येऊन पडतं, याचा निवाडा करणं अवघड आहे. निवाड्यापेक्षा त्या दुःखाचं पुढे काय झालं हे पाहण्यात जास्त रस आहे.

सॅलिंजरकडे दोन भावंडं आहेत. एक मेलेला अ‍ॅली, दुसरी जिवंत फीबी. अ‍ॅली होल्डनला तोडतो, फीबी त्याला जोडते, न्यूयॉर्कमधल्या त्या दोन-चार दिवसांच्या भटकंतीतून तीच त्याला परत आणते. नेमाडे ही दोन्ही कामं एकट्या मनीवर टाकतात. पांडुरंगला घराशी बांधणारी तीच आणि तोडणारीही तीच. तिच्या जाण्याचा शोक घरावरच्या, गावावरच्या संतापात मिसळतो आणि पुढे परतायला कुणी फीबी उरत नाही. म्हणून 'कोसला'त गावी येणं हा दिलासा नाही. अमेरिकन मुलाला घर सुटल्याचं दुःख आहे, मराठी मुलाला घर सुटत नाही याचं. अक्स्योनोव्हने तिसराच मार्ग काढला. त्याने मेलेल्या भावाला थोरला केलं आणि त्याच्या मरणातून दिम्काला वारसा दिला. भावाच्या खिडकीतून दिसणारं चांदण्यांचं आकाश दिम्काला भोकं पाडलेल्या तिकिटासारखं दिसतं. तिकीट असलं की प्रवास आला, प्रवास आला की भविष्य आलं, आणि भविष्याशिवाय सोव्हिएत मासिकात कथा छापून येणं कठीण होतं. तरीही टीका व्हायची ती झालीच.

पुढे देशीवादाची मांडणी करणाऱ्या नेमाड्यांच्या पहिल्याच कादंबरीशी एका अमेरिकन पुस्तकाचं नाव जोडलं जावं, याचा काहींना आनंद होतो. तो आनंद जरा उथळ आहे. 'कोसला'तलं गद्य महानुभावांपासून खेड्यातल्या ओट्यावरच्या गप्पांपर्यंत इतक्या ठिकाणांहून रसद घेतं, की सॅलिंजर त्यातला एक पुरवठादार ठरतो. मराठी कादंबरीत तोवर काय नव्हतं? बेजबाबदार, आळशी, स्वतःला न आवडणारा आणि तरीही वाचकाला आवडणारा निवेदक नव्हता. तो एवढाच बाहेरून आला. बाकी सामान घरचं.

मराठीत अशा उसनवारीवरची भांडणं मात्र जुनीच. ना. सी. फडके यांची १९१७ मधली पहिली कादंबरी 'अल्ला हो अकबर' इंग्रज लेखिका मेरी कॉरेली हिच्या कादंबरीवर बेतलेली होती. पुढे फडके तंत्राचे आचार्य झाले. 'प्रतिभासाधन' (१९३१) वाचून दोन पिढ्या कथा बेतायला शिकल्या. शेवटच्या ओळीत वाचकाला चकवणारी कथा हा दिवाळी अंकांचा नेहमीचा फराळ झाला. रशियनांनी जे ओ. हेन्रीकडून घेतलं तेच इथे बऱ्याच हातांतून फिरत आलं आणि १९४५ नंतरच्या नवकथेने, म्हणजे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांनी, त्याकडे पाठ फिरवली.

पुस्तकं येत कुठून होती, हेही पाहायला हवं. १९५० ते १९८० या काळात मुंबई आणि तिच्या आसपासच्या वाचकाला दोन महासत्ता एकाच वेळी वाचायला देत होत्या. मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची गुळगुळीत कागदाची पुस्तकं मराठीत, अगदी मामुली किमतीत मिळत. अनिल हवालदारांसारखे अनुवादक ती मराठीत आणत आणि लोकवाङ्मय गृहामार्फत ती घराघरांत पोहोचत. या पुस्तकांवर वाढलेल्या पिढीच्या आठवणींवर 'धुक्यात हरवलेले लाल तारे' नावाचा माहितीपटही निघाला. दुसऱ्या बाजूने अमेरिकन माहिती सेवेच्या मदतीने अमेरिकन पुस्तकांचे अनुवाद होत होते. शीतयुद्धाचा एवढा फायदा मराठी वाचकाला झाला, की पुस्तकांच्या कपाटात एकाच खणात गॉर्की आणि स्टाइनबेक सुखाने नांदले.

उल्हासनगरात हा झगडा आणखी एका भाषेत चालला होता. फाळणीनंतरच्या सिंधी साहित्यात पहिली मोठी लाट पुरोगामी लेखकांची. त्यांच्यासमोर आदर्श गॉर्कीचा आणि समाजवादी वास्तववादाचा. सुंदरी उत्तमचंदानी यांना 'सोव्हिएत लँड नेहरू' पुरस्कारही मिळाला होता. पण या चौकटीत गुदमरलेले तरुणही होते. उल्हासनगरात राहिलेले मोहन कल्पना हे त्यांतलं ठळक नाव. भूक, इश्क आणि अदब हे तीन शब्द त्यांनी आत्मचरित्राच्या शीर्षकातच घातले. लाल पुष्प, गुनो सामताणी यांच्यासोबत त्यांनी कथेला घोषणांपासून सोडवून एकट्या माणसाकडे वळवलं. १९८४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९९२ मध्ये ते गेले. मॉस्कोतल्या अक्स्योनोव्हच्या पिढीने जे सरकारी मासिकांच्या आत राहून केलं, ते कल्पना आणि त्यांचे सोबती बराकींच्या शहरात, तुटपुंज्या वाचकवर्गाच्या भरवशावर करत होते. ठाणे जिल्ह्यातल्या मराठी वाचकाला मात्र या शेजाऱ्याची फारशी ओळख नाही. विठ्ठलवाडी ते अंबरनाथ हे लोकलचं अंतर काही मिनिटांचं, लिपीचं अंतर फार मोठं.

अनुवाद झाला म्हणजे प्रभाव पडतोच असंही नाही. याचा सर्वांत मोठा दाखला जी. ए. कुलकर्णी. धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या या माणसाने कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराची तब्बल पाच पुस्तकं मराठीत आणली. त्यांतल्या 'रान', 'शिवार' आणि 'गाव' या तीन मिळून एक कुटुंब ओहायोच्या निबिड अरण्यात कसं शिरतं, झाडं तोडून शेत कसं करतं आणि शेताचं शहर कसं होतं, याची गोष्ट सांगतात. मूळ तिसऱ्या भागाला १९५१ चं पुलित्झर पारितोषिक होतं. अनुवाद अप्रतिम. पण जी. एं.च्या स्वतःच्या कथेत हे कथानक कुठेही नाही. 'रमलखुणा'मधले 'प्रवासी' आणि 'इस्किलार' चालत राहतात, वस्ती करत नाहीत. इतर मराठी लेखकांनीही रिक्टरचं कथानक उचललं नाही. मराठी शेतकऱ्याची जमीन कोऱ्या अरण्यातून काढलेली नव्हती, ती भाऊबंदकीतून आणि सावकाराच्या वहीतून आलेली होती. त्यामुळे हा नमुना कितीही सुंदर असला तरी इथल्या अंगाला बसणारा नव्हता. विरोधाभास असा, की तो बसण्यासारखी एक जागा होती. छावणी, मग बाजार, मग महापालिका, असा उल्हासनगरचा प्रवास रिक्टरच्या त्रयीला समांतर जातो.

पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याला 'एका कोळियाने' या नावाने १९६५ मध्ये मराठीत आणलं. कोकण किनारा एवढा लांबलचक असूनही त्या साच्याच्या कथा मराठीत फार उगवल्या नाहीत. माणूस एकटा समुद्रावर, हे मराठी कथेला पटत नसावं. इथे होडीतही चार नातेवाईक लागतात.

काळ्या अमेरिकनांच्या साहित्याचा हिशेब निराळा मांडावा लागतो. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकन जनतेला, म्हणजे हा धागा शंभर वर्षं आधीचा. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे, 'अस्मितादर्श'चे गंगाधर पानतावणे, 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ लिहिणारे जनार्दन वाघमारे यांनी तो पुन्हा हातात घेतला. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावच ऑकलंडच्या ब्लॅक पँथरवरून आलं. नाव आलं, धिटाई आली. कथानकं मात्र आली नाहीत, कारण ती आणण्याची गरजच नव्हती.

बाबूराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ही कथा पाहावी. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परक्या गावी जात लपवून खोली घेतो, मान मिळवतो, उघडा पडतो आणि मार खातो. रंग लपवून गोऱ्यांत मिसळणाऱ्या माणसाचं कथानक अमेरिकेत १९१२ च्या जेम्स वेल्डन जॉन्सनपासून १९२९ च्या नेला लार्सनपर्यंत चालत आलेलं आहे, तेव्हा साम्य अगदी ठसठशीत. पण बागूल स्वतः रेल्वेच्या नोकरीत सुरतेकडे असताना हे जगले होते. आणि फरक तर मोठाच आहे. अमेरिकन कथेत कातडी साथ देते म्हणून लपता येतं. इथे कातडीत काही नसतंच, आडनाव आणि गाव विचारलं की संपलं. दोन समाजांनी एकच कथानक स्वतंत्रपणे घडवलं, याला प्रभाव म्हणणं हा बागुलांवरही अन्याय आणि लार्सनवरही.

अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत रशियाला जाऊन आले, 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. त्यांच्या नायकांत गॉर्कीचा अंश शोधणारे खूप आहेत. त्यांच्या फकिराला मात्र तमाशाचा फड आणि पोवाडा यांनीच जास्त घडवलं.

सर्वांत निःसंकोच उसनवारी झाली ती समीक्षक जिकडे फिरकत नाहीत तिकडे, म्हणजे भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या आणि त्यांच्या वारसदारांच्या टेबलावर इंग्रजी स्वस्त कादंबऱ्यांची चळत असे, यात नवल नाही. स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर जेम्स हॅडली चेस ढिगाने मिळत असे आणि त्यातूनच अनेकांनी अमेरिका पाहिली. हा चेस लंडनकर. अमेरिकेचे नकाशे आणि तिथल्या गुन्हेगारी बोलीचे कोश समोर ठेवून तो लिहीत असे. शागिन्यानबाईंचा जिम डॉलर आणि चेस ही एकाच जातीची मंडळी, आणि मराठी रहस्यकथेतला हॅट घातलेला इन्स्पेक्टर हा त्यांचा दूरचा पुतण्या.

या वाचनालयांतून नारायण धारप घडले आणि त्यांच्यावर ही वाचनालयं चालली. धारपांच्या 'लुचाई'चा नमुना स्टीफन किंगची १९७५ मधली 'सेलम्स लॉट', तर 'शपथ'चा नमुना १९८६ मधली 'इट'. शाळकरी मुलांची एक टोळी गावाखालच्या दुष्टशक्तीला एकदा हरवते, परत आली तर आपणही परत येऊ असं वचन घेते आणि मोठेपणी खरंच परत येते, हा 'इट'चा सांगाडा. धारपांनी अवजड मूळ कादंबरीतलं वचन हेच मध्यवर्ती मानलं, शीर्षकही त्यावरूनच दिलं. रक्तपिपासूंच्या गावाचं रूपांतर करणं त्याहून कठीण. किंगच्या गावात पाद्री असतो, क्रूस असतो, मंतरलेलं पाणी असतं, त्यामागे दोन हजार वर्षांची एक श्रद्धा उभी असते. मराठी वाचकाला क्रूस दाखवून हायसं वाटत नाही. धारपांकडे त्याऐवजी 'समर्थ'सारख्या नायकांमधून त्यांनी स्वतः रुजवलेली साधनेची, नामाची, संयमाची परंपरा होती. किंगमध्ये दुष्टता बहुतेक वेळा गावाच्या पापातून उगवते. धारपांकडे ती बाहेरून येते आणि एखाद्याच्या हव्यासाच्या फटीतून घरात शिरते. भयकथेत याहून मोठा फेरफार नसेल.

धारपांचं मूल्यमापन यामुळे अडखळतं. त्यांची गाजलेली पुस्तकं उसनी, हे खरं. पण किंगच्या हजार पानांतलं काय मराठी मध्यमवर्गाला रात्री झोपू देणार नाही, हे त्यांना नेमकं कळत होतं, हेही खरं. याचा नीट अभ्यास करायचा तर आधी पुस्तकं हाती लागायला हवीत. भाड्याची वाचनालयं एकामागून एक बंद पडली आणि रद्दीवाल्यांनी त्यांची पॉकेटबुकं नेली. जुनी मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं जपण्यासाठी बदलापूरला श्याम जोशी यांनी उभारलेलं 'ग्रंथसखा' अशा वेळी विद्यापीठांच्या ग्रंथालयांपेक्षा जास्त उपयोगाचं ठरतं. दिवाळी अंकांतल्या 'कल्पना परकीय' अशी तळटीप लावलेल्या कथांची एखादी यादी तिथे बसून कुणी केली, तर मराठी कथेच्या इतिहासाची निदान दोन प्रकरणं नव्याने लिहावी लागतील.

धारपांच्या एका कथेचा प्रवास मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला. किंगची 'ग्रॅमा' ही १९८४ मधली कथा. अंथरुणाला खिळलेल्या भयंकर आजीजवळ एकटा राहिलेला लहान मुलगा, एवढाच तिचा ऐवज. धारपांनी तिची 'आजी' केली. ती गोष्ट राही अनिल बर्वे यांनी किशोरवयात जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली आणि तिने त्यांचा पिच्छा सोडला नाही. २०१८ मध्ये तिचा 'तुंबाड' झाला. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं, काळ १९१८ पासूनचा, भाषा हिंदी, मुलूख कोकणातला, पाऊस न थांबणारा. आजीची गोष्ट मुख्यतः पहिल्या भागात आहे. पुढे तिच्या जागी येतात वाडा, खजिना आणि हस्तर, म्हणजे मूळ कथेत कुठेच नसलेला सोन्याचा हव्यास. किंगच्या मुलाला फक्त ती रात्र काढायची असते, बर्व्यांचा विनायक मोठा होऊन त्याच वाड्यात स्वतःहून परत जातो आणि आपल्या मुलालाही नेतो. व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला तेव्हा पडद्यावर जे दिसलं त्यात किंगच्या मेन राज्यातली ती खाट तेवढी ओळखू येत होती, बाकी सगळा वाडा मराठी होता.